बिनठशाचं कडं

"मग ठसा आज देणार न्हवं, अण्णा?"

सुकुमारने कडं पुढे धरलं. भरीव चांदीचं, बोटभर जाड.

भूपालअण्णांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं. हातोडीच्या आवाजात जन्म गेला, तसे त्यांचे कानही गेले होते. समोरच्याचे ओठ बघून ते बोलणं ओळखत.

त्यांच्याकडे एक रीत होती. शिष्याने पहिलं भरीव कडं एकट्याने ओतायचं, घासायचं, उजळायचं. ते कसोटीला उतरलं, की अण्णा त्याला मालावर ठोकायचा त्याचा स्वतःचा ठसा देत. ठसा मिळालेला शिष्य आपलं दुकान मांडायला निघून जाई.

असे चौघे गेले होते. मातीच्या जमिनीत त्यांच्या बसण्याचे चार खळगे उरले होते. अण्णा रोज सकाळी ते झाडून घेत.

"किती दिवस घासलंस?"

"नऊ. आधी कानस, मग अकिकाच्या दगडानं घोटलं. तोंड दिसतंय त्यात."

"कुणाचं?"

"माझंच की."

अण्णांनी कड्यात दोरा ओवला. त्याची टोकं दातांत धरली, डोळे मिटले आणि लोखंडी सळीने कड्यावर हलकेच मारलं.

सुकुमारने हे कधी पाहिलं नव्हतं. बहिऱ्या माणसाला नाद कळायचा नाही, असं तो धरून चालला होता.

मग अण्णांनी दोरा त्याच्याकडे दिला.

"कान झाक. दातात धर."

सळी लागली. नाद दातांतून डोक्यात शिरला, आणि अर्ध्यावरच विझला.

सुकुमारने मान खाली घातली. कडं ओतलं तो दिवस त्याला आठवला. मूस तिरपी केली होती. वितळलेली चांदी साच्यात उतरत होती. त्याला घरी कुणी नव्हतं. आपण हे करतोय ते एका तरी माणसाने बघावं, म्हणून त्याने मान वर केली होती.

अण्णा पाठमोरे बसून कोळसे फोडत होते.

तेवढ्यात धार तुटली. त्याने ती पुन्हा धरली. कुणाला कळलं नव्हतं.

अण्णांनी फडक्याची गाठ सोडली. ठसा तयारच होता. त्यावर एक बारकी चिमणी कोरलेली होती. ठसा आणि हातोडी त्यांनी पुढे सरकवली.

"ठोक. बाजारात दात लावून कोण बगतंय?"

सुकुमारने ठसा उचलला. चिमणीवरून अंगठा फिरवला...

ठसा खाली ठेवला आणि करवत घेतली. कडं कापायला वेळ लागला. कापलेल्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढी काळी पोकळी होती. दोन्ही तुकडे त्याने मुशीत टाकले.

भाता चालू लागला. कोळसे लाल झाले. चांदीच्या कडा विरघळू लागल्या, तसा तो अण्णांच्या समोर येऊन म्हणाला,

"ओतून होईस्तोवर तेवढं समोर बसा, अण्णा."

अण्णांनी स्वतःच्या मनगटातलं कडं काढलं. हात वाळले होते, ते सहज निघालं. जुनं, काळवंडलेलं. त्यावर ठसा नव्हता.

"माझं पयलं," ते म्हणाले, आणि त्यांनी त्यात दोरा ओवून दिला.

सुकुमारने दोरा दातांत धरला. कान झाकले. अण्णांनी सळी मारली.

नाद उठला. अर्ध्यावरच विझला.

सुकुमारने दोरा दातांतून काढला.

"तुम्ही बी वर बगितलं होतं?"

अण्णांनी होकाराची मान हलवली. कडं पुन्हा हातात चढवलं आणि भिंतीला धरून उठले.

सुकुमार त्यांच्या समोर आला. "मग? तुमचे गुरू बगत होते?"

अण्णा दारापर्यंत गेले. उंबऱ्यावर थांबले.

"त्यांच्या बसायच्या जागी नुसता खळगा होता."