मोठी भट्टी

फार पूर्वी वेत्रवतीकाठच्या नगरीत जयबल राजा राज्य करीत असता बोधिसत्त्व धनवर्मा श्रेष्ठींच्या घरी कारभारी होते. कुंभारवाड्याची जमीन श्रेष्ठींची. एका दूरच्या गावी सारे कुंभार एकाच मोठ्या भट्टीत मडकी भाजताना श्रेष्ठींनी पाहिले. परतताच तशीच भट्टी बांधवून त्यांनी दवंडी पिटवली, ‘यापुढे सर्वांनी इथेच भाजावे.’

कुंभारांनी माना डोलावल्या. भट्टी धुमसू लागली, श्रेष्ठी खूश झाले. पण तिच्यातून निघत ती नुसती वाकडी, टाकाऊ मडकी. चांगला माल जो तो आपल्या परसातच भाजत होता.

हे कळताच श्रेष्ठी संतापले. बोधिसत्त्वांना म्हणाले, “पुन्हा दवंडी दे. जो ऐकणार नाही त्याने वाडा सोडावा. एवढं काम कर, कोठाराच्या किल्ल्या तुझ्या.”

बोधिसत्त्व ढोल न घेताच गेले आणि सर्वांत वडील अशा चंपाआजीच्या चाकाशी बसले.

“या कारभारी! आज ढोल घरीच निजला वाटतं?”

“आजी, मोठ्या भट्टीचं एवढं वावडं का?”

“अरे, शेजारचं मडकं ओलं असलं की फुटतं, अन् माझंही फोडतं. तिथं कोणाचं किती वाळलंय, मला काय ठाऊक? अन् ती हवी कशाला, हेही कोणी बोललं नाही. आम्हाला वाटलं, मालकांना आमचा माल लाटायचाय.”

“रान मागे सरतंय आजी. एकत्र भाजलं तर सरपण कमी लागतं.”

आजीचे हात थांबले. “म्हणजे सुनांची पायपीट वाचेल! मग हे आधी सांगायला तोंड दुखत होतं का?”

बोधिसत्त्व परतले. “मालक, ती दवंडी मी देणार नाही. किल्ल्या दुसऱ्याला द्या. पण एकदा माझ्याबरोबर चला.”

श्रेष्ठी कुरकुरत आले. आजीने विचारले, “मालक, त्या गावचे लोक ओलं मडकं कसं वगळतात?”

श्रेष्ठी हळूच म्हणाले, “भट्टी पाहिली. हे विचारायचं राहून गेलं.”

त्यावर जमलेले सगळेच कुंभार हसले, श्रेष्ठीही. मग बोलता बोलता ठरले, की रचण्याआधी प्रत्येकाने शेजाऱ्याची मडकी हाताळून पाहावी आणि ओले दिसेल ते परत उन्हात ठेवावे. त्या खेपेलाही काही मडकी फुटली, पण भांडण झाले नाही. वाडा कोणालाच सोडावा लागला नाही.

एवढी पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ता, भिक्खूंचे गुरू, म्हणाले, “भिक्खूंनो, विहारात नवे नियम एका दमात सांगून मोकळा होणारा हा सोमदत्त तेव्हा श्रेष्ठी होता. ‘आधी आमचं ऐका’ म्हणणारी भिक्खुणी रेवा ही चंपाआजी होती. कारभारी मीच होतो. दुसऱ्याचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबणे, हीच क्षांती, हाच खरा धीर.”