पदकाच्या पाठीवरचा अंगठा

एकदा एक खोटी रत्ने घडवणारा कारागीर होता, आणि त्याचा शब्द मात्र साऱ्या पेठेत खरा मानला जाई. सगळे त्याला आबा म्हणत. नाटक मंडळ्यांचे मुकुट, जत्रेतल्या देवीचे हार, लग्नात मिरवायचे तन्मणी असले काम त्याच्याकडे येई. रेझिन नावाचा काचेसारखा पातळ रस साच्यात ओतून तो माणिक करी, पाचू करी. मातीसारखी मऊ क्ले हाताने वळून खड्याभोवती कोंदण घाली आणि ते मंद भट्टीत भाजून घट्ट करी.

एक रीत तो कधी मोडत नसे. भट्टीत घालण्याआधी दागिना उलटा करायचा आणि पाठीच्या मऊ क्लेवर अंगठा दाबायचा. भाजल्यावर त्या रेषा कायमच्या राहत, आणि अंगठा दिसला की दागिना खोटा, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होते.

त्याच्या हाताखाली मालन नावाची बाई शिकत होती. सासर सोडून ती रित्या हाताने आली होती. भावाच्या घरी राही आणि भावजयीचा चेहरा बघून पोळी वाढून घेई. आपला स्वतःचा गाळा असावा, आपल्या कमाईची चूल असावी, एवढीच तिची इच्छा होती आणि त्यासाठी ती मरमर राबत होती.

अंगठ्याची रीत तिला आवडत नसे. ती सातवीपर्यंत शिकलेली.

"आबा, अंगठा अडाणी माणसं लावतात. मी कोरून नाव घालते की तुमचं."

"मी अडाणीच आहे," आबा म्हणत. "तू खड्याकडे बघ."

खडा सोपा नव्हता. रेझिनमध्ये हार्डनर ठरल्या मापाने मिसळावा लागतो. लवकर घट्ट व्हावे म्हणून मालनने पहिल्याच वेळी तो वाढवून घातला. दुसऱ्या दिवशी साच्यातून माणिक निघाले ते पावसाळी गुळासारखे चिकट. त्यावर बोट ठेवले तर बोटच उमटले. तिने ते उकिरड्यावर फेकायला उचलले, तेव्हा आबांनी ते तिच्या हातातून घेतले आणि तिच्या बसायच्या जागेसमोर खिळ्याला टांगले.

"हे कशाला? रोज टोचायला?"

"हे अजून वाळतंय का बघायला," आबा म्हणाले. "वाळलं की सांग."

ते कधीच वाळले नाही. मालन मात्र मागे हटली नाही. माप चुकू नये म्हणून तिने बोलणे सोडले, बुडबुडे येऊ नयेत म्हणून हात सावकाश फिरवायला शिकली, धूळ बसू नये म्हणून ओतलेल्या साच्यावर डबा पालथा घालायला शिकली. ओल्या पॉलिशपेपरने खडे घासताना तिच्या बोटांची सालटी निघाली. पुढे तिला आणखी एक गोष्ट कळली. खऱ्या माणकाच्या पोटात बारीक धुके असते. आरशासारखा स्वच्छ खडा बघितला की जाणकार हसतो. तिने रसात चिमटीपेक्षाही कमी अभ्रकाची पूड सोडली आणि ते धुकेही साधले. त्या दिवशी आबांनी हातातले काम बाजूला ठेवले. त्यांनी खडा उन्हात धरला, बराच वेळ बघितला आणि जपून परत ठेवला. मालनला तेवढे पुरले.

अशा वेळी एक गुळाचा व्यापारी दुकानात आला. मोठा माणूस. पेठेत त्याचे गाळेच गाळे. त्याने रुमालातून एक जुने पदक काढले. सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख भरलेली आणि मधोमध बोराएवढे माणिक.

"आबा, दोन्ही मुलांची लग्नं एकाच मांडवात काढलीयत. सुना दोन आणि घराण्याचं पदक एक. याला जोड करून द्या. अशी जोड की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. वजनसुद्धा तेच हवं."

"होईल," आबा म्हणाले.

"आणि पाठीवर तुमचा तो अंगठा नको."

आबांनी मालनकडे मान वळवली. "काम ही करणार. हिलाच विचारा."

व्यापारी हसला. "पोरी, माझा एक गाळा रिकामा आहे, ऐन पेठेत. पदक मनासारखं झालं तर किल्ली तुझ्या हातात. भाड्याचं मागाहून बघू. पण पाठ कोरी पाहिजे."

मालनने आबांकडे बघितले. आबा हातातला ब्रश पुशीत होते. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

"करते," मालन म्हणाली.

तिने जीव ओतला. कोंदणाच्या पोटात पितळेचा तुकडा बसवून वजन जमवले. क्लेवर सोन्याचा वर्ख चढवला आणि जुन्या पदकावर जिथे घासल्याच्या खुणा होत्या तिथे तशाच खुणा केल्या. माणिक ओतले, घासले, बसवले. पाठ कोरी ठेवली. काम पुरे झाले तेव्हा दोन्ही पदके शेजारी ठेवून ती नुसती बघत बसली. गाळ्याच्या दारावर कोणता रंग द्यायचा, हेही तिने मनात ठरवून टाकले.

व्यापारी पदके न्यायला आला. मालनने ताट पुढे केले. उजवीकडे खरे, डावीकडे खोटे. तो हात पुढे करणार, एवढ्यात आबांनी दोन्ही पदके उचलली, एका कापडी पिशवीत टाकली, पिशवी घुसळली, मग दोन्ही आपल्या मुठींत घट्ट धरून बसले. मालन बघतच राहिली. मुठी चांगल्या तापल्यावर आबांनी त्या ताटात उघडल्या.

"घ्या शेठ. तुमचं कुठलं?"

"आबा, ही काय थट्टा?"

"थट्टा नाही. ओळखा आणि घ्या."

व्यापाऱ्याने एक उचलले, दुसरे उचलले. हातावर तोलले. पाठ बघितली. दोन्ही कोऱ्या. त्याच्या कपाळावर घाम आला.

"अहो, आमच्या आजीच्या गळ्यातलं आहे ते!"

"मग ओळखीचं असेल."

"पोरी, तू सांग. तू केलंयस."

मालनने वाकून बघितले. तिलाही कळेना. तिचा हात इतका साधला होता की तिचेच काम तिला परके झाले होते.

"सराफाकडे न्या," आबा म्हणाले. "तो घटकेत सांगेल."

"सराफाकडे? म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेला कळायचं की शेठनं सुनेला खोटं घातलं!"

"बरं, मग असं करा. दोघी सुना तुम्हाला सारख्या ना?"

"सारख्या म्हणजे? एकीला झाकावं आणि एकीला काढावं!"

"मग कुठलं पदक कुणाच्या गळ्यात गेलं, तरी काय बिघडलं? डोळे मिटा आणि वाटा."

व्यापारी उसळला. "असं कसं? खरं थोरलीलाच जायला पाहिजे! तिचा बाप केवढा माणूस आहे, त्याचं काही..." आणि तो मधेच थांबला.

"आणि धाकटीचा बाप?"

"मास्तर आहे बिचारा. चांगली माणसं आहेत. पण आबा, तिला कळून तरी काय करायचंय? कळलं नाही की भांडण नाही. मी घराच्या सुखासाठीच करतोय."

मालन ताटाशी खाली बसली. तिला आपल्या पाटल्या आठवल्या. लग्नात सासूने सगळ्यांदेखत तिच्या हातात चढवल्या होत्या. सासर सोडले तेव्हा त्यांच्या आधारावर निघाली. सराफाच्या दुकानात तिने त्या काढून ठेवल्या. सराफाने त्या तोलल्यासुद्धा नाहीत. नुसत्या परत सरकवल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाला "या" म्हणाला. त्या खोट्या पाटल्याही कुणीतरी हौसेने घडवल्या असतील. त्यांचीही पाठ कोरीच होती.

ती उठली. दोन्ही पदके तिने पाण्याच्या माठाशेजारी, सावलीत फडक्यावर ठेवली.

"काय करतेस?" व्यापाऱ्याने विचारले.

"मुठीची ऊब जाऊ द्या."

थोड्या वेळाने तिने एक पदक उचलून खडा ओठाला लावला. मग दुसरे लावले. एक आडातल्या पाण्यासारखे गार लागले. दुसऱ्याला खऱ्या दगडाचा तो गारवा नव्हता.

"कळलं मला," ती म्हणाली.

"शाबास! दे इकडे."

"देते. आधी खोट्याच्या पाठीवर अंगठा बसेल."

"अगं ए! आपलं काय ठरलंय?"

"ठरलं होतं. चुकलं माझं."

"आणि गाळा?"

मालनने खोटे पदक मुठीत घेतले. मग म्हणाली, "गाळा तुमचा तुमच्याकडे राहू दे, शेठ."

"भावजयीच्या दारात जन्म काढशील!"

"काढीन. पण माझ्या हातानं कुणाच्या पाटल्या करायच्या नाहीत मला."

व्यापाऱ्याला पाटल्यांचे काही कळले नाही. पण या बाईच्या तोंडून आता दुसरा शब्द निघणार नाही, एवढे त्याला कळले. सराफाकडे जायची सोय नव्हती. तो तोंड वाकडे करून बाकावर बसला.

मालनने खोट्या पदकाची पाठ खरवडली, तिच्यावर क्लेची पातळ चकती बसवली आणि पदक आबांपुढे धरले. आबांनी हात मागे घेतला.

"खडा कुणी ओतला?"

"मी."

"मग माझा अंगठा कशाला?"

मालनने आपल्या अंगठ्याकडे बघितले. घासून घासून त्याच्या रेषा झिजल्या होत्या. तिने तो क्लेवर ठेवला आणि नेट लावून दाबला. पदक भट्टीत गेले.

ते भाजून निवल्यावर मालनने दोन्ही पदके व्यापाऱ्याच्या हातात दिली. जाताना व्यापारी कुरकुरला, "लोकांना दिसलं म्हणजे?"

"लोकांना पुढची बाजू दिसते," आबा म्हणाले. "ही बाजू छातीला लागते. दिसली तर फक्त जिच्या गळ्यात आहे तिलाच दिसेल. अंगठा कशाचा, हे साऱ्या पेठेला ठाऊक आहे. तिनं विचारायच्या आत तुम्हीच सांगा. शोभेल तुम्हाला."

तो गेल्यावर मालनने विचारले, "आबा, मी हो म्हणाले तेव्हाच का नाही अडवलंत?"

आबा पाणी प्यायले आणि भांडे पालथे घालून मग बोलले.

"अडवलं असतं तर तू माझं ऐकलं असतंस. त्या पाठीवर पुन्हा माझाच अंगठा बसला असता. आता एक ऐकून ठेव. आपला धंदा खोट्याचा आहे आणि त्याची मला लाज नाही. नाटकातला राजा खोटं माणिक घालतो, त्याला ते ठाऊक असतं. पुजारी देवीच्या गळ्यात घालतो, त्यालाही ठाऊक असतं. बघणाऱ्याचे डोळे दिपवणं ही आपली कला आहे. पण घालणाऱ्याला अंधारात ठेवलं की तो दरोडा झाला. हात जितका तयार होईल तितकी ही जोखीम वाढते. तुझा पहिला चिकट खडा कुणालाच फसवू शकत नव्हता. त्याला अंगठ्याची गरज नव्हती. आजच्या खड्याला होती."

मालनने खिळ्याला टांगलेल्या त्या खड्याकडे बघितले. तो अजून वाळलेला नव्हता.

लग्ने झाली. गाळ्यात दुसऱ्या कुणाचे तरी दुकान लागले. मालन आबांच्याच दुकानात, खिडकीकडच्या बाजूला आपले वेगळे काम करू लागली. चूल मांडायला तिला आणखी बरेच दिवस लागले, पण मांडली.

पुढे एके दिवशी एक तरुण बाई दुकानात आली. गळ्यात ते पदक होते. वर्ख कडेला थोडा उडाला होता. तिने ते उलटे करून दाखवले.

"हा अंगठा कुणाचा?"

मालनने खालमानेनेच सांगितले, "माझा."

"मामंजींनी लग्नाच्या आदल्या दिवशी बोलावून सांगितलं मला. मान वर होत नव्हती त्यांची. मी म्हटलं, सांगितलंत ना, मग झालं." ती हसली. "जाऊबाईंचं खरं कपाटात असतं, कुलपात. चोरीच्या भीतीनं त्यांनी ते अजून एकदाही घातलेलं नाही. माझं रोज गळ्यात असतं. वर्ख तेवढा पुन्हा चढवून द्याल?"

मालनने पदक हातात घेतले आणि पाठीला धक्का न लावता पुढची बाजू पुसायला घेतली. आबा आपल्या जागेवर डोळे मिटून बसले होते. ते झोपलेले नव्हते.

आपण जे घडवतो त्याची पाठ एकदा उलटून बघावी. तिथे आपला अंगठा ठेवायची हिंमत नसेल, तर ते कुणाच्या गळ्यात घालू नये.