टिकली आवळत नव्हती

एक होती राजकन्या. नाव शेवंता. तुमच्याएवढीच, आणि तुमच्यासारखीच हुंदडणारी. तिच्या छातीच्या हाडामागे, काळजाच्या जरा वर, एक बाग होती. थायमस म्हणतात तिला. वरून दिसत नाही बरं का, पण तुमच्याही आत आहे ती.

तर एकदा काय झालं, टिकली नावाची एक इवलीशी पेशी रक्तातून पोहत त्या बागेत आली. तिला व्हायचं होतं शेवंताच्या अंगाची राखणदार. पण तिला मुळी हातच नव्हता! बागेत शिकवायला होती मालनआक्का. तिने सांगितलं, इथे जी ती आपला हात आपणच घडवते, दुसरीचा बघायचा नाही. मग टिकलीने इकडचा तुकडा घेतला, तिकडचा घेतला, आणि जोडला. झाला वेडावाकडा, पण तसा दुसरा कुणाकडेच नव्हता. कित्येकींचे हात जुळलेच नाहीत. त्या बिचाऱ्या बागेच्या मातीत मिसळल्या.

मग आली दुसरी परीक्षा. आक्काने शेवंताच्याच अंगातल्या घरच्या पेशींना पुढे केलं आणि म्हणाली, धरा यांचा हात. ज्यांना तो धरताच येईना त्या तिथेच राहिल्या. घरचं ज्याला कळत नाही, त्याला परकं काय कळणार? टिकलीने मात्र धरला. काय आनंदली ती!

मग बागेच्या अगदी आत तिसरी परीक्षा. तिथे पोटातले, घशातले, डोळ्यांतले, सगळ्या घरच्यांचे नमुने मांडलेले. हात धरायचा आणि सोडायचा. जी करकचून आवळेल तिला बाहेर सोडायचं नाही. उद्या ती घरच्यांचाच गळा धरायची. घशाची पाळी आली, टिकलीने धरला, आणि तिला तो लवकर सोडवेचना. टिकलीला रडूच फुटलं.

"आक्का, मी पण आता मातीतच का गं?"

आक्काने तो वेडावाकडा हात निरखून पाहिला. मग हसली.

"नाही गं बाई. तू आवळत नाहीस, धरून ठेवतेस. अशी हवीच असते एखादी. तू लढायचं नाहीस. लढणाऱ्यांना आवरायचंस."

आणि टिकली नाचत बाहेर पडली.

पुढे शेवंताच्या घशात शिरले रोगाचे जंतू. बागेतून शिकून निघालेले राखणदार धावले, हात लावताच परके ओळखले, आणि असे बडवले की एक उरला नाही. पण अंगात आलेला जोर उतरेना! मग ते घशालाच बडवू लागले. घसा लालबुंद, शेवंताला खीरसुद्धा गिळवेना. राणी उशाशी बसून राहिली.

टिकली पोचली. तिने घशाचा हात धरला आणि राखणदारांना हळूच म्हणाली, "पुरे आता. परके गेले. हे घरचे आहेत."

राखणदार ओशाळले, मागे सरले. घसा निवला. शेवंता उठून बसली आणि तिने वाटीभर खीर मागितली, मग आणखी वाटीभर. राणी हसली, राजा हसला, टिकली आणि राखणदार गुण्यागोविंदाने राहू लागले.

तुमच्या आतले राखणदारही जागेच आहेत हो. ते बघतील सगळं. तुम्ही पांघरूण ओढा, डोळे मिटा, आणि झोपा बघू.