गेनूमामा आणि कल्हईची फिल्म

एका गावात एक भोळा मामा होता. कुणा एकाचा नव्हे, अख्ख्या गावाचा. नाव गेनू. सांगितलेलं ऐकण्यात त्याचा हात कुणी धरला नसता, आणि तीच तर पंचाईत होती!

गावातल्या शलाकाने आणि तिच्या मैत्रिणींनी माहितीपट काढायचं ठरवलं. विषय, कल्हईवाले उस्मानचाचा. चाचा दुसऱ्या दिवशी सकाळी गाव सोडून कायमचे मुलाकडे निघाले होते. म्हणजे चित्रीकरण होईल ते आजच, नाहीतर कधीच नाही.

मामा म्हणाला, "पोरींनो, मी आहे ना!"

"मग मामा, पिंपळाच्या पारावर जागा धरून ठेवा," शलाका म्हणाली.

पोरी येऊन बघतात तर मामा पाराला मिठी मारून बसलेला. आणि वर बांगडीवाल्याने दुकान मांडलेलं.

"अहो मामा, जागा धरायची ती एसटीत धरतो तशी. रुमाल टाकायचा!"

"अस्सं होय! आता तसंच करतो."

पोरींनी हातापाया पडून बांगडीवाल्याला उठवलं. "मामा, आता चाचांना तेवढं धरून ठेवा. कुठे निसटायला नकोत."

मामा गेला. चाचांच्या डोक्यावर रुमाल टाकला आणि निवांत परत आला. चाचांनी त्या रुमालाने तोंड पुसलं आणि ते सोयऱ्यांचा निरोप घ्यायला शेजारच्या वाडीला गेले. दुपार कलल्यावर सापडले.

"माणसावर रुमाल टाकतात का हो, मामा? गोड बोलायचं, चहा पाजायचा. मग कुणी जागचं हलत नाही!"

"अस्सं होय! आता तसंच करतो."

चाचांनी भाता लावला, निखारे फुलले. शलाकाने मोबाईल स्टँडवर चढवला, तर स्टँड डुगडुगायला लागला.

"मामा, हा हलतोय, बघा जरा!"

मामाने स्टँडला "राजा, सोन्या" केलं आणि कपभर चहा त्याच्या पायाशी ओतला. माती भिजली, स्टँड आडवा. चाचांनी मोबाईल वरच्यावर झेलला म्हणून बरं.

शलाका रडकुंडीला आली. "मामा, तुम्ही काही म्हणजे काही करू नका. चाचा कसं काम करतात ते नुसतं बघा. शिका जरा!"

मामा डोळे फाडून बघत राहिला. काळंकुट्ट पातेलं निखाऱ्यांवर. चाचांनी नवसागर भुरभुरला, कथील फिरवलं, फडक्याने पुसलं, आणि काय सांगू, पातेलं आतून चांदीसारखं लखलखलं! मग चाचा बोलायला लागले. वडिलांबद्दल बोलले, भात्याबद्दल बोलले, बोलता बोलता डोळे पुसले. पोरीही रडल्या. असं झकास चित्रीकरण झालं की विचारू नका.

"मामा, माझा जीव भांड्यात पडला बघा!" शलाका म्हणाली. मामाने पातेल्यात वाकून पाहिलं.

मोबाईल मात्र धुराने काळा पडला होता. "एवढा चकचकीत करून ठेवा हं," असं मामाला सांगून पोरी चाचांना घरी पोचवायला गेल्या.

परत येतात तर मामा घामाघूम होऊन भाता मारतोय. निखाऱ्यांवर मोबाईल. त्याच्यावर नवसागर.

शलाका किंचाळली, "मामा, आत सगळी फिल्म होती हो!"

"मला काय कळत नाही होय?" मामा म्हणाला. "म्हणून तर आत हात लावला नाही. कल्हई फक्त बाहेरून केली."