काशीचं कबूतर अयोध्येला जाईना

"हेच कबूतर उद्या अयोध्येला गेलं पाहिजे! नाहीतर सगळा कबूतरखाना मुदपाकखान्यात!" काशीचे महाराज गरजले.

कबुतरांचा राखणदार धनीराम समोर उभा. झालं होतं असं, की राणीसाहेब माहेरी, अयोध्येला गेल्या होत्या. जाताना त्यांनी पिंजऱ्यातून काशीची कबुतरं सोबत नेली. त्यातलं एक आज सकाळी तिकडून सुटलं आणि दुपारचं पान वाढायच्या आत घरी हजर! पायाला चिठ्ठी : 'आई राहा म्हणते. अजून थोडे दिवस राहते.' अशी ही तिसरी चिठ्ठी! एकट्याने जेवून जेवून महाराजांचं डोकं फिरलं होतं.

"महाराज," धनीराम हात जोडून म्हणाला, "कबूतर फक्त घराकडे उडतं. इथून तिकडे नाही जायचं ते."

"का नाही? अंतर तेवढंच, आभाळ तेच! आलं तेवढ्याच वेळात जाईल. बांध पायाला माझा हुकूम : 'ताबडतोब निघा!'"

राजहट्टच तो! धनीराम रडतच घरी आला. हातावर दाणे चारून वाढवलेली पाखरं, त्यांचा रस्सा व्हायचा! त्याची सून बिंदा पोळ्या लाटत होती. ऐकून तिने लाटणं बाजूला ठेवलं.

"रडता काय, मामंजी? उद्या मी येते दरबारात."

दुसऱ्या दिवशी कबूतर हातात घेऊन बिंदा महाराजांपुढे उभी राहिली.

"महाराज, याला वाट समजावून सांगायची, म्हणून विचारते. काशीहून अयोध्या किती लांब?"

"पालखीने पाच मुक्काम."

"आणि अयोध्येहून काशी?"

"अगं, पाचच! हे काय विचारणं झालं?"

"मग गेल्या खेपेला राणीसाहेब पाच मुक्कामांत परत आल्या असतील!"

प्रधानांना एकाएकी खोकला आला.

"छे!" महाराज वैतागले. "आधी मुहूर्त मिळेना. मग सासूबाईंचा गुडघा धरला. मग भाच्याचं जावळ निघालं. शेवटी निघाल्या, तर लोणच्याची बरणी राहिली म्हणून पालखी पुन्हा मागे!"

"आणि जाताना?"

"जाताना? चार मुक्कामांत पोचल्या! भोयांना धाप लागली!"

"मग या बिचाऱ्यावर का रागावता, महाराज? याचं माहेर काशी! घरटं इथं, जोडीण इथं, पिल्लं इथं. तिकडून सुसाट येईल, पण तिकडे जा म्हटलं तर पाय निघायचा नाही. बघा हवं तर!"

तिने कबूतर सोडलं. त्याने एक घिरटी घातली आणि थेट महाराजांच्या छत्रावर येऊन बसलं, घुमायलाही लागलं!

महाराजांनी ओठ दाबून पाहिले, पण हसू कुठलं आवरतंय! "हरलो, पोरी! वाचली तुमची कबुतरं. पण माझं काय? राणीसाहेब यायच्या कधी?"

"हुकमाने कुठली लेक माहेर सोडते? सासरचं माणूस न्यायला यावं लागतं. आपण स्वतः जा! जावई दारात उभा राहिला की सासूबाईच लेकीची पाठवणी करतील."

"काढा रथ!" महाराज टाळी वाजवत उठले. "आणि बिंदा, तुला काय देऊ?"

"माझं माहेर अयोध्येच्या वाटेवरच आहे, महाराज. रथात कोपरा मिळाला तर…"

"दिला! आईसाठी शालू दिला, मिठाईची टोपली दिली! पण परत कधी येशील?"

"अगबाई! अजून निघाले नाही, तोवर परत यायचं काय विचारता?"

महाराज इतके खदखदून हसले, की छत्रावरचं कबूतर घाबरून उडालं.