बिनधुराचा दरबार

"या राज्याची हवा कुणीतरी नासवतंय!" खोकल्याची उबळ कशीबशी आवरत महाराज कडाडले. "धरून आणा त्याला!"

प्रधानजींनी घटकाभरात गुन्हेगार शोधून काढले. कोण? तर गोरगरिबांच्या चुली!

तिथेच भिंतीची डागडुजी करणाऱ्या रायाप्पा गवंड्याला राहवेना. "महाराज, दर वाढदिवसाला आपण जुना महाल पाडता आणि नवा बांधता. त्या विटांसाठी बारा भट्ट्या रात्रंदिवस जळतात. यंदाचा तर काचेचा! आत माणसं पापडासारखी भाजतात. शंभर पंखेवाले लागतात!"

"पण काचेला आपण हिरवा रंग दिलाय ना!" प्रधानजी म्हणाले. "धुराचा बंदोबस्त म्हणूनच दिला!"

महाराज मात्र भडकले होते. "फार शहाणा ना तू? मग पंधरा दिवसांत तूच दरबार उभा कर. एकही भट्टी पेटता कामा नये. भर वैशाखात पंख्याशिवाय गार हवा. आणि माझ्या एकाही दरबाऱ्याने तो आधी पाहिलेला नसावा! नाही जमलं, तर बिऱ्हाड उचल आणि राज्याबाहेर हो!"

रायाप्पा घरी आला तो कपाळाला हात लावूनच. त्याची लेक हौसा भिंत सारवत होती. सगळं ऐकून ती हसली.

"आबा, हे शेण मी रोज कुठून आणते?"

"राजाच्या पागेतून. त्याचं काय?"

"तिथं इतकं गार असतं, की उन्हात माझा पाय निघत नाही. मग मोतद्दाराला घोडी तेवढी पंधरा दिवस आमराईत बांधायला सांगा!"

बापलेक कामाला लागले. पागेच्या दगडी भिंती दोन-दोन हात जाड. वरचे झरोके मात्र कुणीतरी चिंध्या कोंबून बंद केलेले. हौसाने ते मोकळे केले, पांढऱ्या मातीने भिंती पोतारल्या, दारांना वाळ्याचे ओले पडदे लावले.

पंधराव्या दिवशी भर दुपारी महाराज आणि दरबारी पडदे सोडलेल्या पालख्यांतून उतरले ते थेट आतच. वाळ्याच्या गंधाची झुळूक आली. महाराजांनी डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी त्यांनी न खोकता श्वास घेतला!

"वा! प्रधानजी, पूर्वी कधी पाहिलाय असा दरबार?"

"छे, छे! स्वप्नातही नाही!" सगळे एका सुरात म्हणाले.

महाराज पडद्यांवर पाणी शिंपडणाऱ्या हौसाकडे वळले. "पोरी, एवढ्या विटा बिनधुराच्या भाजल्यास तरी कशा?"

"भाजल्याच नाहीत, महाराज. जी भिंत उभीच आहे, तिला कसली भट्टी? ही आपल्या पणजोबांनी बांधलेली पागा! प्रधानजी घोड्यांच्या दाणावैरणीची तपासणी दरमहा करतात म्हणे, पण आत पाऊल टाकलं ते आजच!"

प्रधानजींचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. महाराज मात्र असे खदखदून हसले की झरोक्यातली पाखरं उडाली!

"आजपासून पाडापाडी बंद! भट्ट्या विझवा! रायाप्पा राजगवंडी, आणि यापुढे हौसाने पाहिल्याशिवाय राज्यात एक वीटही रचायची नाही!" त्यांनी गळ्यातला कंठा काढून हौसाच्या हातात ठेवला. "आणि घोड्यांना तो काचेचा महाल द्या!"

दाराशी घोड्यांची निगा राखणारा म्हातारा मोतद्दार लगाम घेऊन उभा होता. तो हात जोडून म्हणाला, "सरकार, दरबार इकडे येणार म्हणून घोडी सकाळीच तिकडे नेऊन पाहिली. दारातूनच माघारी फिरली. जनावरं आहेत ती, त्यांना हिरवा रंग दाखवून भागत नाही!"