सगळ्या चाचण्या हिरव्या

एकदा एका वृद्ध गुरूकडे एक तरुण प्रोग्राम लिहायला शिकत होता. त्याने लहान मुलांच्या इस्पितळासाठी एक प्रोग्राम केला. मुलाचे वजन घातले की तो औषधाचा डोस सांगे. त्याच संध्याकाळी तो वॉर्डात सुरू व्हायचा होता.

शिष्य ज्यात प्रोग्राम लिहायचा, त्या एडिटरमध्ये एक सोय होती. बटण दाबले की प्रोग्राम तपासणाऱ्या चाचण्या आपोआप लिहून मिळत. सकाळपासून ते बटण अडले होते. शिष्याने सेटिंग पाहिली, एडिटर बंद करून उघडला. अखेर कळले, चाचण्या ठेवायचा फोल्डरच चुकीचा दिला होता. तो बदलताच चाचण्या भराभर उतरल्या. प्रत्येकीपुढे हिरवी खूण, म्हणजे पास; नापास झाली असती तर लाल.

"सर, सुटलं! सगळं हिरवं!"

"हिरव्याचं एवढं कौतुक असेल तर भिंत रंगव. सरक."

गुरू खुर्चीवर बसला. प्रोग्राममध्ये वजनाने गुणायचे होते, तिथे त्याने भागाकार केला.

"अहो सर, चांगलं चाललेलं का बिघडवताय?"

"जुन्या चाचण्या पूस. बटण दाब."

नव्या चाचण्या आल्या. सगळ्या हिरव्या.

"पाठव आता इस्पितळात."

शिष्याचा चेहरा उतरला. "कसं पाठवू? मूल जितकं लहान, तितका डोस मोठा जाईल!"

"मग या हिरव्या कशा?"

शिष्य एकेक चाचणी पुन्हा उघडून पाहू लागला.

गुरू म्हणाला, "बटण तुझ्या प्रोग्रामलाच विचारतं, 'तू काय उत्तर देतोस?' तो देईल ते खरं मानून चाचणी लिहितं. आरोपीलाच साक्षीदार केलंस तू. बटण दुरुस्त केलंस, ते ठीक. पण योग्य डोस किती, हे ना त्याला ठाऊक, ना तुला. ज्याला ठाऊक आहे त्याला विचार."

शिष्याने गुणाकार पूर्ववत केला आणि वॉर्डातल्या डॉक्टरबाईंना फोन लावला.

बाई म्हणाल्या, "वजनाप्रमाणेच डोस. पण या औषधाला वरची मर्यादा आहे. मूल कितीही वजनदार असलं तरी त्यापुढे जायचं नाही. हे धरलंय ना तुम्ही?"

शिष्याने ते धरले नव्हते. त्याने एका वजनदार मुलाची चाचणी स्वतःच्या हाताने लिहिली, बाईंनी सांगितलेला डोस बरोबर मानून. ती चालवली.

"सर, लाल."

"दिसतंय. आता खरी चाचणी झाली."

शिष्याने फोन पुन्हा कानाला लावला. "बाई, आज प्रोग्राम सुरू करायला नको. मर्यादा धरायची राहिलीय. चूक माझी आहे."

"बरं झालं सांगितलंत," बाई म्हणाल्या. "आज आम्ही हातानेच हिशोब करू."